सोळा तारा

डबा उघडला तर आत एक काळी काच,
सोळा तारांचं शेपूट,
आणि घडी घातलेला कागद,
ज्यावरची अक्षरं मी ओळखत नव्हते
आणि ती मला.
लाल, काळी, निळी, इथवर ठीक.
पुढे निळीवर पांढरी रेघ, हिरवीवर पिवळी,
आणि एक तपकिरी,
जिचं नाव कागदात कुठेच नाही.

गाडी इचलकरंजीहून आणलेली.
मागच्या मालकाने पाडून पाडून केबल तोडलेली,
काटा अठ्ठावीसवर अडकलेला.
उभी असो, आडवी असो,
ही आपली अठ्ठावीसच्या वेगाने.

विट्यात आमच्या बोळात दिवसरात्र माग.
मल्टिमीटरची बीप ऐकायची
तर वीज जायची वाट बघायची.
वीज गेली, खडखड थांबली,
की कुठली तार कुठे पोचते ते कळायचं.

सेलमहून पप्पा मोबाइलवर.
मागे गलाईची भट्टी, भिंतीवर तमिळ कॅलेंडर.
"कथील तापवू नगंस," ते म्हणाले,
"तार तापव.
तार तापली की कथील आपसूक जातंय तिच्याकडं.
जबरदस्तीचा डाख टिकत न्हाई."
एवढं बोलून मूस उचलायला वळले
आणि स्क्रीनवर नुसता उजेड.

चुंबक बसवलं डिस्कच्या बोल्टात,
सेन्सर समोर, मधे पोस्टकार्डाएवढी फट.
पुढच्या चाकाचा घेर मोजला मागावरच्या सुताने:
खडूची खूण, एक फेरा, खडूची खूण.
दोन हजार एकशे ऐंशी मिलिमीटर.
एक तार प्लगच्या जाड वायरीला नुसती गुंडाळायची,
जोडायची नाही कुठेच.
न शिवता ठिणग्या मोजते ती.
पाच वेढे दिले तर जागेवरच बारा हजार फेरे.
तीन दिले, तरी नऊ.

पुन्हा किल्ली फिरवली.
वेग एकशे नव्याण्णव. तापमान शून्याखाली.
इंडिकेटर दिला की न्यूट्रलचा दिवा मिचमिचायचा.
गाडी स्टँडवर, मी पक्कड धरून शेजारी,
आई दारातून म्हणाली, "थंडीत कुठं निघाली गं एवढ्या जोरात?"

तीन रात्री सगळे डाख उकलून पुन्हा दिले.
चौथ्या दिवशी बसस्टँडमागचे रफिकभाई तांबोळी आले,
ट्रॅक्टरचे डायनॅमो भरतात ते.
काचेकडे बघितलंच नाही.
वाकून चासीच्या बोल्टाला नख लावलं.
"अर्थ लागंना झालाय, पोरी.
रंगावर बसवलायस."

पॉलिश पेपर घेतला.
मागच्या मालकाने हौसेने मारलेला पोपटी,
त्याखाली कारखान्याचा लाल,
त्याखाली राखाडी,
घासत गेले उघडं लोखंड लागेपर्यंत.
काळी तार त्यावर आवळली.
सगळे आकडे गुमान खाली आले.
शून्य. शून्य. हिरवं न्यूट्रल.
रफिकभाई चहा न घेताच गेले.

रेवणगावच्या घाटाखाली मुरमाच्या वाटेवर
गाडी थांबवून फोन लावला.
"किती तापलंय?"
"ब्याण्णव."
पप्पांच्या भट्टीला मीटर नाही.
मुशीतला रंग बघतात, बस.
डाव्या डोळ्याने हल्ली जरा कमीच.
"हात नेऊन बघ एकदा," म्हणाले.
हातमोजा काढला, इंजिनाजवळ बोट नेलं,
चार बोटं अलीकडूनच मागे घेतलं.
"खरं बोलतंय."
"मग चांगलंय."

एकूण अंतर साडेतीन किलोमीटर.
जुना मीटर शिलाई मशीनच्या खणात आहे,
त्यात अकरा हजार, दुसऱ्या कुणाचे,
आणि अजून अठ्ठावीस.

तपकिरी तार टेप गुंडाळून सीटखाली तशीच.
पप्पा दर रविवारी तिची चौकशी करतात.
"लागली का कुठं?"
"नाही अजून."
"असू दे. कापू नगंस."